बाबांना ट्रायलमध्ये घेतायत आणि सगळं सिस्टरच बोलतेय, हे असंच असतं का?

सातारारोडवाला

नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सॉरी.

बाबा ६७ वर्षांचे, पिंपरीच्या कंपनीतून रिटायर, शुगर सतरा वर्षं. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवतो. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले एका नवीन गोळीचा अभ्यास चालू आहे, तुम्ही बसताय त्यात, इच्छा असेल तर सिस्टर समजावून सांगतील. बास, फार तर चार मिनिटं. मग आम्हाला मागच्या बाजूच्या एका छोट्या खोलीत नेलं आणि तिथली सिस्टर पावणेदोन तास बाबांशी बोलत होती (पार्किंगचं मीटर पडत होतं म्हणून माझं घड्याळाकडे लक्ष). काहींना खरी गोळी मिळणार काहींना नुसती दिसायला तशीच, कोणाला कुठली ते तिलाही माहीत नसणार आणि डॉक्टरलाही नाही, चालू औषधं बंद करायची नाहीत, वर्षभरात १४ फेऱ्या, दर वेळी किती रक्त, त्रास झाला तर रात्री कोणाला फोन करायचा, सगळं. आणि शेवटी म्हणते, "काका आता तुम्ही मला सांगा काय समजलं." आमचे बाबा, जे घरात कोणाला बोलू देत नाहीत, ते शाळेत धडा म्हटल्यासारखं सगळं म्हणून दाखवत होते!

२२ पानांचा फॉर्म दिला, म्हणाली आज सही नको, घरी नेऊन वाचा.

बाई चांगली वाटली हो. पण घरी आल्यावर बायको म्हणाली एवढं गोड बोलतेय म्हणजे माणसं भरायचं टार्गेट असणार तिला. तेव्हापासून डोक्यात किडा. तिचा पगार नक्की देतं कोण, हॉस्पिटल का औषध कंपनी? आणि ट्रायलमध्ये नर्सचं काम काय असतं? मला वाटायचं बीपी बघायचं, रक्त काढायचं. बाबांचं म्हणणं, "सिस्टर म्हणतायत ना, मग करू." डॉक्टरांचं नावही नाही तोंडात. माहीतगारांनी लिहा प्लीज.

खवचट पेठकर

गिनीपिग हवेत त्यांना, बाकी काही नाही. फुकट गोळी मिळतेय म्हटल्यावर आपले लोक रांग लावतात. पावणेदोन तास बोलली म्हणे, एलआयसीवाला तीन तास बोलतो!

स्वयंसेवक२०२०

पेठकर काका, मी गिनीपिग होतो, जिवंत आहे, बघा टाइप पण करतोय :)

कोविशील्डच्या ट्रायलमध्ये होतो मी. २६ ऑगस्ट २०२० ला भारती हॉस्पिटलमध्ये पहिला डोस दिला होता ना, त्यानंतर काही दिवसांनी माझा नंबर लागला. देशभरात मिळून १६०० जण, तिघांना लस तर एकाला दुसरं काहीतरी. आपल्याला काय टोचलं हे नंतर बरेच महिने माहीत नव्हतं. मला त्यातलं सायन्स विचाराल तर शून्य आठवतं. सिस्टर आठवतात. एक सिस्टर पडद्यामागे सिरिंज भरायची आणि त्यावर कागद गुंडाळायची, म्हणजे आत काय आहे ते दिसू नये. टोचणारी दुसरीच. त्या दोघी एकमेकींशी माझ्यासमोर त्यावर चकार शब्द बोलायच्या नाहीत. मी एकदा गंमत म्हणून डोळा मारून विचारलं पांढरं का पारदर्शक, तर भरणारी बाई माझ्याकडे बघून हसलीसुद्धा नाही. तेव्हा वाटलं काय शिष्ट आहे, नंतर कळलं की तिचा चेहराच तिचं काम होता.

आणि मधे सप्टेंबरमध्ये परदेशात एक जण आजारी पडला म्हणून सगळं थांबवलं होतं आठवतंय का, इथेही चार-पाच दिवस बंद झालं होतं. टीव्हीवर आरडाओरडा. माझी आई रडायला लागली, तू पहिला डोस घेऊन बसलायस म्हणून. रात्री साडेनऊला सिस्टरला फोन केला, तिने आईशी वीस मिनिटं बोलून तिला शांत केलं. काय सांगितलं माहीत आहे? "मला पण पूर्ण माहिती नाही काकू, पण त्याला काही झालं तर पहिला फोन मला येणार आणि मी उचलणार." डॉक्टरांचा नंबर पण होता की फॉर्मवर. पण रात्री साडेनऊला डॉक्टरला फोन करायला आपली जीभ रेटत नाही.

नाइटड्युटी

मी आठ वर्षं वॉर्ड केला आणि गेली सहा वर्षं रिसर्च सिस्टर आहे, पुण्यातच, हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही. धागाकर्ते, तुमच्या मिसेसना बरोबर शंका आली, म्हणून आधी पैशाचंच सांगते.

स्पॉन्सर म्हणजे औषध कंपनी हॉस्पिटलला पैसे देते, साधारण किती पेशंट आणि किती व्हिजिट झाल्या त्या हिशोबाने. त्यातून आमचा पगार निघतो. मी कॉन्ट्रॅक्टवर आहे, अकरा-अकरा महिन्यांचं, प्रोजेक्ट संपला की पुढचा मिळेपर्यंत जीव टांगणीला. टार्गेट असतं का, तर हो असतं, अमुक महिन्यात अमुक पेशंट असं साइटला, म्हणजे हॉस्पिटलला, दिलेलं असतं आणि ते मला सोमवारच्या मीटिंगमध्ये ऐकवलं जातं. मला कमिशन वगैरे नसतं. पण दबाव नसतो असं म्हटलं तर खोटं होईल.

आता काम. बीपी आणि रक्त हा दिवसातला एक तास. बाकीचं सांगते.

फॉर्ममध्ये लिहिलेलं माणसाला समजेल असं सांगणं, ते तुम्ही बघितलंच. माहिती सांगायचं काम डॉक्टर आमच्याकडे सोपवू शकतात, तसं एका लॉगमध्ये सहीने लिहिलेलं असतं, पण औषधाबद्दलचे प्रश्न डॉक्टरांनीच घ्यायचे आणि फॉर्मवर इन्व्हेस्टिगेटर म्हणून सही त्यांचीच. तेव्हा तुमचे डॉक्टर चार मिनिटांत निसटले असतील तर सहीच्या दिवशी त्यांना खुर्चीत बसवा आणि प्रश्न विचारा. तो तुमचा हक्क आहे, उपकार नाही.

मग सुरू झालं की गोळ्या मोजणं. रिकामे पट्टे, उरलेल्या गोळ्या सगळं परत आणायचं असतं. माझ्याकडे एक आजोबा होते, दर वेळी हिशोब बरोब्बर, एक गोळी इकडे नाही की तिकडे नाही. आता एवढं बरोब्बर कोणाचंच नसतं हो, मी स्वतः थायरॉइडची गोळी आठवड्यात एकदा विसरते. एक दिवस चहा दिला आणि सहज विचारलं. तर म्हणाले, यायच्या आदल्या रात्री उरलेल्या गोळ्या बेसिनमध्ये टाकतो, तुम्ही रागवाल म्हणून!! आता हे कुठल्या रिपोर्टमध्ये दिसलं असतं का? कॉम्प्युटरवर आजोबा शंभर टक्के गोळ्या घेणारे आणि शुगर तर उतरत नाही, म्हणजे गोळी कुचकामी. असे पाच-पंचवीस आजोबा झाले की एखादं चांगलं औषध फुकट जायचं. ते सगळं मी लिहिलं, डॉक्टरांना सांगितलं, आजोबांना रागावले नाही.

तसंच उपास. तसंच कारल्याचा रस, मेथीदाणा, कोणीतरी भाच्याने आणून दिलेली काळी पुडी. डॉक्टरांनी विचारलं "दुसरं काही औषध घेता का" की उत्तर येतं नाही. कारण लोकांच्या लेखी ते औषध नाहीच. मी विचारते सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं ते सांगा, मग अर्ध्या तासाने पुडी निघते.

आणि वारी! आमच्या एका व्हिजिटला ठरल्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे पाच दिवसांची सूट होती. काकांचा फोन लागेना. लागला तेव्हा कुठे होते तर वाल्ह्यात, माउलींच्या पालखीबरोबर, म्हणे पंढरपूर करूनच येतो. आता त्यांना काय सांगणार, विठोबाला थांबवा? डेव्हिएशन, म्हणजे ठरलेल्यापेक्षा वेगळं झालं, म्हणून लिहिलं. तेव्हापासून मी पहिल्याच दिवशी विचारते, वारीला जाता का, नवरात्र निर्जळी करता का, चातुर्मासात काय सोडता, सुगीला गावाला किती दिवस. प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाची नियमावली, जिथे लिहितात तिथे कोणाच्या डोक्यात येणार हे.

राहिलेलं उद्या लिहिते, आत्ता ड्युटीला चाललेय.

ड्रायआइस

मी सीआरसी, म्हणजे ट्रायलचा कोऑर्डिनेटर, बी.फार्म. करून आलोय. ताईंच्या पोस्टला +१ पण एक दुरुस्ती, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी हे काम नर्स करतच नाही, आमच्यासारखे फार्मसीवाले किंवा लाइफ सायन्सवाले करतात आणि सिस्टर फक्त टोचायला बोलावतात. धागाकर्त्यांनी आधी विचारून घ्या की ती खरंच सिस्टर आहे का कोऑर्डिनेटर, पांढरा कोट सगळेच घालतात. मलाही पेशंट "ब्रदर" म्हणतात, पूर्वी सांगत बसायचो, आता सोडून दिलं.

आणि फरक पडतो. मला डेटा भरता येतो, कुरिअरवाल्याशी भांडता येतं (विसर्जनाच्या दिवशी ड्राय आइसमधले सॅम्पल एअरपोर्टला पाठवून दाखवा कोणीतरी, मी टिळक रोडला खोकं मांडीवर घेऊन बसलेलो आहे, समोर ढोलपथक). पण पेशंट आत येतानाच त्याची चाल बघून "काका आज बरं नाही ना" हे सिस्टर म्हणतात, मला ते दिसतच नाही.

खवचट पेठकर

सगळं गोड गोड चाललंय. एकच विचारतो. एवढा विश्वास सिस्टरवर, मग तोच विश्वास वापरून कोणी फसवलं तर? ते लोक मुद्दाम नर्स पुढे करतात, कारण आपल्या बायकांशी-म्हाताऱ्यांशी ती बोलली की काम होतं. उत्तर द्या.

मेट्रनबाई

पेठकर, तुमचा प्रश्न खवचट नाही, योग्य आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी ३४ वर्षं नोकरी केली, शेवटची काही वर्षं नर्सिंग कॉलेजात शिकवलं. दुसऱ्या वर्षाच्या मुलींना मी हे एक प्रकरण दर वर्षी सांगायचे.

अमेरिकेत अलाबामा राज्यात टस्कीगी म्हणून गाव आहे. तिथे १९३२ पासून सरकारच्या आरोग्य खात्याने साधारण ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास केला, त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. उपचार करायचेच नव्हते, रोग पुढे कसा जातो ते नुसतं बघायचं होतं, पण त्यांना सांगितलेलं की तुमच्या "खराब रक्तावर" इलाज चालू आहे. पुढे १९४७ च्या सुमाराला पेनिसिलिन सगळीकडे मिळायला लागलं तरी यांना दिलं नाही. १९७२ ला वर्तमानपत्रात फुटलं तेव्हा थांबलं. चाळीस वर्षं! १९९७ ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली.

आता त्यात डॉक्टर येत-जात राहिले, बदलत राहिले. कायम होती ती एक नर्स. युनिस रिव्हर्स. ती स्वतः कृष्णवर्णीय, टस्कीगीतच शिकलेली. गाडी घेऊन त्या माणसांना घरून आणायची, दवाखान्यात न्यायची, घरी सोडायची, घरच्यांची विचारपूस करायची. माणूस मेला की अंत्यविधीचा खर्च मिळायचा, पण शवविच्छेदनाला घरच्यांनी हो म्हटलं तर, आणि ते हो कोण मिळवायचं? तीच. लोकांचा तिच्यावर जीव होता. १९५३ मध्ये त्या अभ्यासावर एक लेख छापून आला, त्यात पहिलं नाव तिचं आहे, विषय काय तर इतकी वर्षं माणसं टिकवून कशी ठेवली.

मुली विचारायच्या, मॅडम ती वाईट होती का? मला याचं उत्तर देता आलेलं नाही. तिने त्या माणसांची काळजी घेतली हे खरं. ती नसती तर तो अभ्यास चाळीस वर्षं चालला नसता हेही खरंच.

आणि लांब कशाला जायचं, आपल्याकडे २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रात खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला एचपीव्ही लशीचा प्रकल्प झाला. खम्ममला वसतिगृहातल्या कितीतरी मुलींच्या फॉर्मवर आई-बापांच्या जागी वॉर्डनच्या सह्या निघाल्या. २०१३ ला संसदीय समितीने त्यावर कडक अहवाल दिला. वॉर्डनला मुली घाबरतात आणि तिचं ऐकतात, म्हणून सह्या झाल्या. सिस्टरचं पण ऐकतात.

म्हणून माझं धागाकर्त्यांना सांगणं, सिस्टर चांगली आहे का हा प्रश्नच चुकीचा. ती चांगलीच असणार. तिला "नाही" म्हणता येतं का, आणि म्हटलं तर तिचं कोण ऐकतं, हे बघा.

पॉपकॉर्न

धागा वाचनखुणेत टाकला. मेट्रनबाई __/\__

नाइटड्युटी

मॅडम तुमची पोस्ट नाइटला वाचली, दोनदा. लिहू का नको असं झालं होतं पण लिहिते.

आधीच्या एका ठिकाणची गोष्ट आहे, नाव नाही. रात्रीचे पीके सॅम्पल होते, म्हणजे औषध दिल्यावर ठरलेल्या मिनिटाला रक्त काढायचं, एक तासाने, दोन तासाने, चार तासाने असं. रात्री दोनचं सॅम्पल. शेजारच्या बेडला एकदम श्वास लागला, मी तिकडे धावले, परत येऊन टोचलं तेव्हा २:०७ झाले होते. मी लिहिलं २:०७. सकाळी मला एका सीनियरने सांगितलं, अगं २:०० लिही, सात मिनिटांनी काय होतंय, उगाच डेव्हिएशन दाखवावं लागेल, मॉनिटर (कागद तपासणारा कंपनीचा माणूस) येणारे. मी म्हटलं सात मिनिटांनी काही होत नसेल तर २:०७ च राहू दे की. त्यावरून तीन आठवडे माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं. कारण बाकीचे सगळे टाइम बरोब्बर होते ना, २:००, ४:००, ६:००, सगळ्या रात्री, सगळ्या पेशंटचे. माझ्या एका सात मिनिटांमुळे बाकीच्यांकडे बघणं आलं.

यात माझं कौतुक नाही. वॉर्डात आठ वर्षं चार्ट भरताना मीही सहाच्या राउंडचं बीपी साडेसहाला घेऊन सहाच लिहिलंय, सगळ्याच लिहितात. रिसर्चमध्ये येऊन पहिल्यांदा कळलं की आपण लिहिलेल्या वेळेवर कोणीतरी लांब बसून गोळीचा डोस ठरवणार आहे.

दुसरी गोष्ट. एका मावशींना मी सांगितलं राहू द्या. नियमात बसत होत्या सगळ्या. पण मी "काय समजलं सांगा" म्हटल्यावर तीन वेळा म्हणाल्या, "या गोळीने माझा गुडघा बरा होणार." मी परत सांगायचे की मावशी, होईलच असं नाही, तुम्हाला नुसती गोळी पण मिळू शकते, त्या मान डोलवायच्या आणि परत तेच. डॉक्टरांना म्हटलं, यांना समजलेलं नाही. डॉक्टर थोडे वैतागले, महिनाअखेर होती, पण त्यांनी स्वतः बसून विचारलं आणि नाही घेतलं. तर मॅडम, ऐकणारा डॉक्टर मिळाला म्हणून माझं "नाही" चाललं. नसता मिळाला तर मी काय केलं असतं? कॉन्ट्रॅक्ट होतं, मुलगी दहावीला होती. छातीठोक सांगता येत नाही मला.

आणि एक राहिलंच होतं. एका काकूंच्या सुनेने फोन केला, उद्याची व्हिजिट जमणार नाही, सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुबा मोडला, दुसरीकडे ॲडमिट आहेत. तिला वाटलं ती अपॉइंटमेंट कॅन्सल करतेय. पण ट्रायलमधल्या माणसाला ॲडमिट व्हावं लागलं की ती गंभीर घटना, गोळीशी संबंध असो नसो, २४ तासांच्या आत दिल्लीला औषध नियंत्रकांना, स्पॉन्सरला आणि एथिक्स कमिटीला (ट्रायलला मंजुरी देऊन लक्ष ठेवणारी समिती) कळवावं लागतं, आणि मग १४ दिवसांत सविस्तर. २०१९ चे नियम आहेत तसे. घसरून पडल्या का चक्कर येऊन पडल्या हे ठरवायला सुनेला पाच प्रश्न विचारावे लागले, आणि ती बिचारी सासूच्या गडबडीत. हा फोन रिसेप्शनवर गेला असता तर "बरं, पुढची तारीख देते" म्हणून संपला असता.

निवृत्त मराठीबाई

मी एका एथिक्स कमिटीवर आहे, सामान्य नागरिक म्हणून. नियमाप्रमाणे किमान सात जण लागतात, त्यात निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे, एक कायद्याचा माणूस, एक बाई तरी हवीच, आणि एक माझ्यासारखा ज्याला औषधातलं काही कळत नाही असा. नर्स असलीच पाहिजे असं मात्र कुठे नाही, आणि मला ते नेहमी खटकतं.

मी शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे माझ्याकडे फॉर्मचं मराठी तपासायला येतं. काय सांगू! "यादृच्छिकीकरण". "आपण कोणत्याही क्षणी अभ्यासातून आपली संमती प्रत्याहृत करू शकता". मी पस्तीस वर्षं मराठी शिकवून मला दोनदा वाचावं लागतं, तर खेड-मंचरहून आलेल्या बाईने काय करायचं? एका मीटिंगला मी हट्टाने तिथल्या रिसर्च सिस्टरला बोलावून घेतलं आणि विचारलं तुम्ही हे प्रत्यक्षात कसं सांगता. ती म्हणाली, यादृच्छिकीकरणाला मी चिठ्ठ्या टाकल्यासारखं म्हणते, आणि चिठ्ठी कॉम्प्युटर काढतो. "१५ मिली रक्त" असं लिहिलेलं होतं, लोक घाबरतात, बाटली भरून घेणार वाटतं, तर ती म्हणे मी तीन चहाचे चमचे म्हणते. "प्रत्याहृत" ला ती म्हणते, "कधीही नको म्हणा, कारण सांगायला नको, इथली ट्रीटमेंट बंद होणार नाही." आम्ही हे सगळं फॉर्ममध्ये घालायला लावलं. त्या बाईचं नाव त्यावर कुठेच नाही अर्थात.

सातारारोडवाले, तीन गोष्टी बघून घ्या. फॉर्मवर एथिक्स कमिटीचा फोन नंबर आहे का, आणि फोन करून बघा, उचलतात का. ट्रायल सीटीआरआयच्या (ट्रायलची सरकारी नोंदवही) साइटवर आहे का, २००९ पासून ते सक्तीचं आहे आणि कोणालाही फुकट बघता येतं, कंपनी कोण, किती माणसं घेणार, कुठे कुठे चालू आहे सगळं दिसतं. आणि इजा झाली तर उपचार फुकट आणि वर नुकसानभरपाई, हे फॉर्ममध्ये स्पष्ट मराठीत लिहिलंय का. भरपाईचं गणित सरकारी आहे, आठ लाख मूळ धरून वय आणि आजाराची जोखीम यावर ठरतं.

ड्रायआइस

"प्रत्याहृत" 😂 आमच्याकडे एकात "अंध अभ्यास" लिहिलं होतं (म्हणजे कोणाला कुठली गोळी ते माहीत नसतं), एक आजी म्हणाल्या मला नीट दिसतं, मोतीबिंदू काढलाय.

हिरवी साडी

थोडं वेगळं लिहिते. मी बरीच वर्षं एचआयव्हीच्या कामात होते, समुपदेशन आणि नर्सिंग दोन्ही. एचपीटीएन ०५२ म्हणून मोठा अभ्यास झाला होता, नऊ देशांत १७६३ जोडपी, एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही अशी. भारतात पुण्याला नारीमध्ये (राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था) आणि चेन्नईला चालू होता. २०११ ला निकाल आला की औषधं लवकर सुरू केली तर जोडीदाराला लागण व्हायचं प्रमाण ९६ टक्क्यांनी कमी होतं. जगभर उपचारांचं धोरण बदलायला त्याचा मोठा हातभार लागला.

आता नुसता विचार करा, जोडप्याला वर्षानुवर्षं दवाखान्यात येत ठेवायचं म्हणजे काय. शेजारी विचारतात दर महिन्याला कुठे जाता. सासूला माहीत नसतं. अशा कामात आम्ही युनिफॉर्म घालून कधी कोणाच्या गल्लीत गेलो नाही, कोणी विचारलं तर भिशीची मैत्रीण. फोनवर दुसऱ्या कोणी उचललं तर काय बोलायचं हे त्या बाईशी आधी ठरवलेलं, माझ्या एका पेशंटकडे मी "ब्लाउज शिवून झालाय" म्हणायचे, म्हणजे रिपोर्ट आले. ९६ टक्के हा आकडा पेपरात छापून येतो, त्याच्या मागे असले किती ब्लाउज असतील.

मेट्रनबाई

हिरवी साडी, वाचून डोळे भरले.

अमेरिकेतल्या नर्सेस असोसिएशनने २०१६ ला क्लिनिकल रिसर्च नर्सिंग ही वेगळी स्पेशालिटी म्हणून मान्य केली. आपल्याकडे आयसीयू, कार्डियाक, ऑन्को असं शिकवतो, मग याचं का नाही? मुलगी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून वॉर्डात जाते आणि एक दिवस कोणीतरी सांगतं उद्यापासून रिसर्चला बस. जीसीपीचं, म्हणजे ट्रायल कशी करायची त्या नियमांचं, दोन दिवसांचं ट्रेनिंग, सर्टिफिकेट, संपलं. २:०७ लिहायचं हे नाइटड्युटीला तिच्या स्वभावाने शिकवलं, कॉलेजने नाही. मी शिकवत होते तेव्हा मीही नाही.

खवचट पेठकर

मी माझे शब्द मागे घेत नाही, फक्त एलआयसीवाल्याची उपमा मागे घेतो.

सिस्टर (नाइटड्युटी), तुमच्यासारखी मिळाली तर आमच्या हिला पण विचारू म्हणतो, संधिवात आहे. पण सीटीआरआय बघून. आणि डॉक्टरला खुर्चीत बसवून.

सातारारोडवाला

सगळ्यांचे मनापासून आभार, अपडेट देतो, दोन आठवडे गडबडीत गेले.

सीटीआरआयवर सापडली ट्रायल. एथिक्स कमिटीला फोन केला, तिसऱ्यांदा उचलला, बाईंना आश्चर्यच वाटलं की कोणीतरी फोन केलाय. मग सहीच्या दिवशी डॉक्टरांना बसवलं, वीस मिनिटं मिळाली. आणि मी धीर करून सिस्टरना सरळ विचारलं की तुमचा पगार कोण देतं आणि तुम्ही कधी कोणाला घेऊ नका म्हणालात का. बाबा माझ्याकडे असे बघायला लागले की हा काय आगाऊपणा. ती आधी थोडी गप्प झाली. मग म्हणाली रिसर्च विभागाकडून मिळतो, तो कंपन्यांच्या पैशातून चालतो. आणि दुसऱ्या प्रश्नावर म्हणाली, "दोनदा. एकदा ऐकलं, एकदा नाही." एवढंच. त्यावर डॉक्टर समोरच बसलेले होते, ते फॉर्मकडे बघत राहिले.

मला तेवढं पुरलं. बाबांनी सही केली, त्यांच्या हातात एक कॉपी दिली. (ड्रायआइस, विचारलं, खरंच सिस्टर आहे, बीएससी नर्सिंग.)

आणि आता क्लायमॅक्स. बाबा स्क्रीनिंगमध्येच, म्हणजे ट्रायलमध्ये घेण्याआधीच्या तपासणीतच, बाद. किडनीचा कुठलासा आकडा त्यांना हवा त्यापेक्षा कमी आला. सिस्टरचा संध्याकाळी फोन, काका ट्रायलमध्ये घेता येणार नाही, पण ते सोडा, हा रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात किडनीच्या डॉक्टरांना दाखवा, टाळू नका. दोन दिवसांनी परत फोन, दाखवलं का. आता तर बाबा त्यांच्या टार्गेटमध्ये पण नाहीत. बायको म्हणाली, बरं, मी बोलले ते चुकलं.

बाबा मात्र दहावीत नापास झाल्यासारखे बसलेत. आज सकाळी विचारत होते, चार दिवस भरपूर पाणी पिऊन परत रक्त दिलं तर पास करतील का, सिस्टरना विचार.

नाइटड्युटी

पुन्हा तपासणी घेता येते का ते त्या प्रोटोकॉलवर आहे, काही ठिकाणी एकदा घेतात. पण काकांना म्हणावं आधी किडनीवाले डॉक्टर. आणि पाणी किती प्यायचं तेही त्यांनाच विचारा, मनाने नको.